नाक्यावरचा फळा कुणाचा?

लालबागच्या राजाचं दहा दिवस लाइव्ह चालतं. क्रेनवर कॅमेरे, ड्रोन, रांगेत उभ्या असलेल्या नटनट्या. या सगळ्यात एक गोष्ट कुणी दाखवत नाही. हा गणपती मुळात पोटापाण्याच्या प्रश्नातून बसलेला आहे. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला. तिथले कोळी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये राजा बसला. मासळीची टोपली घेऊन बसणाऱ्या बहुतेक बायकाच असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही.

आज राजाकडे चॅनेलं आहेत. टोपलीवालीकडे काय आहे?

तिच्याकडे रील आहे, असं तुम्ही म्हणाल. आहे ना. पण ते तिचं नाही. ‘लालबागच्या या मावशींचा मसाला एकदा ट्राय कराच’ म्हणत कुणीतरी येतं, डंकावर पडणाऱ्या मिरचीचा स्लो मोशन घेतं, मावशींना ‘हसा ना’ म्हणतं आणि जातं. मावशींचं नाव काय, मिरची त्यांना कितीला पडली, देठ खुडायला बसलेल्या बाईला दिवसाचे किती मिळतात, यातलं काहीही त्या तीस सेकंदांत बसत नाही. लाइक रीलवाल्याला, ठसका मावशींना. रील करणाऱ्या पोरापोरींवर माझा राग नाही. म्हणजे, थोडा आहे. पण खरा राग आहे तो मावशींच्या कष्टाला ‘कंटेंट’ म्हणून समाधान पावणाऱ्या आपल्या सगळ्यांवर.

गिरणगावाला माध्यमांची परंपरा नव्हती असं थोडंच आहे! अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच चाळींच्या अंगणात गाजलं. युनियनची पत्रकं होती, गेट मीटिंगा होत्या. याबद्दल आपण अभिमानाने लिहितो, आणि लिहावंच. फक्त एक हिशोब करून बघा. गेट मीटिंग व्हायची पाळी सुटताना. नेमक्या त्याच वेळी खानावळवाली बाई दहा बाय बाराच्या खोलीत पाळीवरून येणाऱ्यांची ताटं वाढत असायची. म्हणजे ज्या माध्यमावर गिरणगाव उभं राहिलं, त्याचं वेळापत्रकच तिला वगळून आखलेलं होतं. मुद्दाम केलं असं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि ते जास्त वाईट आहे. कामगार पुढारी उषाबाई डांगे यांनी आपल्या आत्मकथनाला नाव दिलं ‘पण ऐकतं कोण?’ गिरणी कामगारांच्या चळवळीत अख्खं आयुष्य घातलेल्या बाईला हा प्रश्न पडतो, तर उधारीची वही सांभाळणाऱ्या खानावळवालीने काय म्हणावं?

संप झाला की त्या वहीतली उधारी फुगायची. कामगाराला जेवू घालणं चालूच राहायचं आणि वाण्याचं देणं, सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी १४ खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. एकमेकींना जामीन राहून बायकांनी राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज घेतलं. ही गोष्ट नेहमी ‘कर्जाची गोष्ट’ म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती आधी बातमीची गोष्ट आहे. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ सालीच झालं होतं. पण दागिने गहाण न टाकता, सावकाराच्या पायरीवर न जाता बँक आपल्याला पैसे देऊ शकते, हे परळच्या बाईला सांगणार कोण? वर्तमानपत्र? तिला ते वाचायला वेळ नव्हता आणि त्यात तिच्यासाठी मजकूर नव्हता. खोलीखोलीत जाऊन, जिन्यात बसून ही बातमी बायकांनीच बायकांना सांगितली. व्याजाचा खरा दर कळणं हा तिच्यासाठी धंद्यातला पहिला नफा होता.

गिरगावात १५ मार्च १९५९ ला सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. ‘लिज्जत’चा ससा आपल्या सगळ्यांना आठवतो. पण त्या संस्थेने ‘लिज्जत पत्रिका’ नावाचं मासिक चालवलं, हे किती जणांना माहीत आहे? दादरच्या स्त्री मुक्ती संघटनेचं उदाहरण तर याहून ठळक आहे. आधी ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकरांचं नाटक वस्तीवस्तीत गेलं, ‘प्रेरक ललकारी’ हे मासिक निघालं, आणि पुढे त्याच संघटनेने कचरा वेचणाऱ्या बायकांचं काम उभं केलं. आधी तोंड उघडलं, मग हात चालले. आपण मात्र बायकांना शिलाई मशीन वाटतो, फोटो काढतो आणि म्हणतो, सक्षमीकरण झालं.

साताऱ्यातलं म्हसवड बघा. दुष्काळी माण तालुका. तिथे माणदेशी फाउंडेशनचा ‘माणदेशी तरंग’ हा कम्युनिटी रेडिओ २००८ पासून आहे. त्याच वर्षी तेलंगणात माचनूरला दलित बायकांचा ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. आणि देशातल्या माध्यमांची राजधानी म्हणवणाऱ्या मुंबईत? विद्यापीठाचा रेडिओ आहे. परळ-लालबागच्या पोळीभाजीवाल्यांचा, दादरच्या भाजी-फुलवाल्यांचा म्हणावा असा नाही. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं. तरी स्वयंसेवी संस्थांना रेडिओ काढायला २००६ उजाडावं लागलं, आणि तेव्हाही बातम्या व चालू घडामोडी सांगायला मनाई. म्हणजे पापडाची कृती सांगा, पापड विकायला बसलात तर हप्ता कोण मागतो ते सांगू नका!

‘पण आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे की.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याची चीड येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात सुमारे ५४ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के. मुंबईचा आकडा वर असेल, मान्य. पण फोन हातात असणं आणि माध्यम हातात असणं यात फरक आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चकलीचा फोटो टाकता येतो. ‘टॉवरमध्ये डबेवाल्या बाईला लिफ्ट का नाही’ असं विचारलं की अॅडमिन काढून टाकतो. तिथे ती ग्राहक सांभाळते, बोलत नाही.

तिला काय काय बोलायचं असेल? फेरीवाला कायदा २०१४ चा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांना, त्यातल्या एक तृतीयांश बायकांना, असं त्यात लिहिलंय. दादर स्टेशनबाहेर पालिकेची गाडी आली म्हणून पाटी उचलून पळणाऱ्या किती जणींना हे कुणी सांगितलंय? घरून डबे देणाऱ्या बाईलाही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, हे तिला कळतं ते बहुधा एजंट पैसे मागायला येतो तेव्हा. माहिती मिळाली नाही की तिची किंमत मोजावी लागते, तीही रोख.

यासाठी टॉवर नको, लायसन्स नको. गिरणगावाचं सगळ्यात जुनं, सगळ्यात स्वस्त माध्यम अजून नाक्यावर उभं आहे: फळा. अमक्याचं दुःखद निधन, तमक्या भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा, उद्या पाणी येणार नाही. खडू कुणाच्या हातात असतो? शाखेतल्या, मंडळातल्या मुलांच्या. मंडळाचा वार्षिक अहवाल छापतात त्यात पानोपानी बिल्डर हात जोडून उभे असतात. ज्या बायकांच्या हातचे मोदक कार्यकर्त्यांच्या पोटात जातात, त्यांच्या धंद्याचं एक पान नाही.

तुम्ही यातल्याच एखाद्या चाळीत, किंवा चाळ पाडून झालेल्या टॉवरच्या मागच्या पुनर्वसनाच्या इमारतीत राहत असाल. तुमच्या मंडळाच्या सेक्रेटरीचा नंबर तुमच्याकडे आहे. अर्धा फळा मागा, आठवड्यातून दोन दिवस नव्हे, रोज. अहवालात दोन पानं मागा. काय लिहायचं ते तुम्ही ठरवू नका. खडू मावशींच्या हातात द्या. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील तसं लिहून घ्या, आपलं शहाणपण न घालता. आणि सेक्रेटरी नाही म्हणाला, तर तो काय म्हणाला तेवढं त्याच फळ्यावर, तारीख घालून, लिहून ठेवा.