भरमार शेतात शोभते, वरातीत नाही

बालाघाट जिल्ह्यातल्या कटंगीच्या आठवडी बाजारात कुणी खांद्यावर उघडी बंदूक टाकून आला, तर भाजीवाली आधी टोपली आवरेल, मग भाव सांगेल. बंदूकधारी म्हणेल, परवाना आहे. असेलही, पण 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी परवान्याचे हत्यारही पूर्ण झाकूनच न्यावे लागते. लग्नात बार काढला, तर 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चंबळकडची ही हौस इकडे नकोच.

दुसरी बाजू शेतकऱ्याची. धान लोंबीवर आले की रानडुकरे एका रात्रीत बांधी लोळवतात. पीकरक्षणासाठी भरमार म्हणजे ठासणीच्या बंदुकीचा परवाना कायदाच देतो. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. 2023 ला मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान 17 नोव्हेंबरला, ऐन कापणीत. डुकरांना आचारसंहिता कोण सांगणार?

लिखीराम कावरे राज्याचे मंत्री असताना 1999 मध्ये याच जिल्ह्यात नक्षल्यांनी त्यांची हत्या केली. तेव्हा स्वरक्षणासाठी बंदूक बाळगणाऱ्यांची धास्ती खोटी नाही. तरीही बाजारातली उघडी नळी आम्हाला नामंजूर. पीकरक्षणाच्या बंदुका जमा करताना मात्र प्रशासनाने आधी धानाची बांधी पाहावी.