भिंत नंतर, आधी छप्पर!

हल्ली आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर अप्रेझलच्या खालोखाल चघळला जाणारा विषय म्हणजे "अरे, शहापूरला जागा घेतली". ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि या चर्चेला आणखीच ऊत आला. ज्यांना शहापूर महाग वाटतं ते मुरबाडकडे वळतात. जागा होते, घर होतं, वास्तुशांतीला आपण जेवूनही येतो. मग एप्रिल उजाडतो आणि ते टुमदार घर दुपारी भट्टी होतं.

इथे ठेकेदाराची एंट्री होते. "साहेब, इन्सुलेशन करून घ्या. सगळ्या भिंतींना आतून जिप्सम बोर्ड मारतो, एकदम थंडगार." ओळखीतल्या तिघांना जवळजवळ याच शब्दांत हे सांगितलं गेलंय. माझं मत स्पष्ट आहे: या भागात बाहेरच्या भिंतींना आतून ड्रायवॉल लावणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया. तेच पैसे आधी छपरावर घाला.

आता ड्रायवॉल म्हणजे नक्की काय ते बघू. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा (कारागीर त्यांना चॅनेल म्हणतात) सांगाडा उभा करायचा, त्यावर साधारण साडेबारा मिलिमीटर जाडीचे जिप्समचे बोर्ड स्क्रूने बसवायचे, सांध्यांवर टेप आणि लांबी, वर रंग. सिमेंट कालवणं नाही, पाणी मारणं नाही, म्हणून "ड्राय". अमेरिकेत घरंच्या घरं अशी उभी राहतात.

पण सांगाडा उभारून त्यावर पातळ आवरण चढवायचं, ही कल्पना काही परदेशातून यायला नको होती. शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी वाड्यांवर कुडाच्या भिंती पिढ्यानपिढ्या आहेत. सह्याद्रीच्या उतारांवरची कारवी, तीच सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी, तिच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या बांधायच्या आणि वर माती-शेणाचा गिलावा. फरक एवढाच की कुड भिजला तरी वाळतो आणि खराब झाला तर पुन्हा लिंपता येतो. बोर्डावरचा कागद एकदा भिजून फुगला की बोर्डच बदलावा लागतो.

शिवाय कुडाच्या घरातला गारवा मुळात भिंतीचा नसायचाच! तो गवताच्या जाड छपराचा आणि खाली उतरलेल्या वळचणीचा असायचा. गवत गेलं, पत्रा आला आणि तेच घर तापायला लागलं.

थोडं गणित करू (इंजिनिअरला सवय वाईट). उष्णता अडवण्याच्या बाबतीत साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड आणि पन्नास मिलिमीटरची रॉकवूल यांत साधारण पंचवीस पटींचा फरक आहे. म्हणजे थंडावा देतं ते बोर्डाच्या मागे भरलेलं साहित्य. बोर्ड फक्त ते झाकतो. मधल्या हवेचा थोडा उपयोग होतो, पण पोकळी रिकामी ठेवून त्याला "इन्सुलेशन" म्हणणं म्हणजे रिकामा डबा देऊन जेवण दिलं म्हणण्यासारखं आहे.

आणि ऊन येतं कुठून? मेच्या मध्याला या भागात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आपली सावलीसुद्धा पायाखाली जाते. भिंतींना ऊन आळीपाळीने लागतं, छपराला दिवसभर. आपल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. तिच्यात छपरातून उष्णता झिरपण्याची कमाल मर्यादा १.२ (वॅट प्रति चौरस मीटर, प्रति अंश) ठेवलीय. नुसता सिमेंटचा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत सोडतो. पन्नास मिलिमीटर रॉकवूल नीट बसवली की हा आकडा एकच्या खाली येतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर स्वस्तात आणखी फरक पडतो. पत्र्याचं छप्पर असेल तर खाली फॉल्स सीलिंग करताना वरची गरम हवा बाहेर जायला जागा ठेवा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. भातसा आणि तानसा धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत, म्हणजे इथे पाऊस काय पडतो ते मुंबईकराला सांगायला नको. त्यात आपलं घर सोमवार ते शुक्रवार बंद. बाहेरची भिंत ओल धरते, आत बोर्डाचा कागद, मधे अंधार. बुरशी आणि वाळवीला आणखी काय हवं? उंदरांना तर बिनभाड्याची चाळच मिळते. नेटवरचे अमेरिकन सल्लेही जपून वाचा. थंड प्रदेशात आतल्या बाजूला प्लास्टिकचा पडदा लावतात, कारण तिथे दमट हवा घरातून बाहेर जाते. आपल्याकडे पावसाळ्यात एसी लावला की ओल बाहेरून आत येते आणि त्या प्लास्टिकला अडकून भिंतीतच मुरते.

ड्रायवॉल वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. आतल्या दोन खोल्यांमधलं पार्टिशन म्हणून ती उत्तम. हलकी, झटपट आणि कोरडी. जिप्समच्या वजनात पाचवा हिस्सा पाणीच बांधलेलं असतं, त्यामुळे आगीतही ती काही काळ तग धरते. मात्र काम देताना या गोष्टी कागदावर घ्या:

१. बोर्डाची जाडी आणि प्रकार. आयएस २०९५ ची खूण बघा. बाथरूमजवळ ओल सोसणारा बोर्ड (सहसा हिरवट असतो).
२. आत काय भरणार, किती जाडीचं, किती घनतेचं. रॉकवूलसाठी आयएस ८१८३.
३. टीव्ही, कपाट, गिझर कुठे येणार ते आधी सांगा, म्हणजे मागे आधार देता येतो. पंखा थेट स्लॅबला.
४. दर स्क्वेअर फुटाचा असेल तर दारं-खिडक्या वजा करून की धरून?
५. बोर्ड लावून बंद करण्याआधी तुम्ही बघणार आणि फोटो काढणार.
६. छपराचं काम असेल तर शेवटचा हप्ता पहिला दणदणीत पाऊस झाल्यावर.

यातल्या पाचव्या अटीवर जो ठेकेदार कुरकुर करेल त्याला नमस्कार करून निरोप द्या.

ठेकेदार सगळे लबाड असतात असंही नाही. ऐरोलीच्या एसी ऑफिसात पार्टिशन उभारून ज्याचा हात बसलाय तो शहापुरातही तेच सुचवणार. आपण "घर थंड करा" एवढंच सांगितलं तर त्याला येतं ते तो करतो. रिक्वायरमेंट धड न लिहिता डेव्हलपरला शिव्या देणारे क्लायंट आपण पाहिलेत ना?

शेवटी एक सांगतो. उन्हाचा त्रास आपल्याला शनिवार-रविवार. त्याच गावात घरकुलात राहणाऱ्याला तो रोज. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट भागातल्या घराला मदत ठरली एक लाख वीस हजार रुपये. एवढ्यात घर उभं करताना छपराच्या इन्सुलेशनचा विचार कोण करणार? पण आपल्या पैशांनी सरळगाव-किन्हवलीकडच्या दोन गवंड्यांचा छप्पर थंड करण्याच्या कामात हात बसला, तर ती कला त्याच गावात राहील. तेव्हा पुढच्या वेळी कोटेशन मागाल तेव्हा छपराचं वेगळं मागा, आणि शक्यतो गावातल्या माणसाकडूनही मागा.