परवाना कोणत्या राज्याचा?

आपल्यापैकी कित्येकांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. तेथे नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला समुपदेशन करणारी व्यक्ती पुष्कळदा समाजकार्य या विषयातील तज्ज्ञ असते. ‘समाजसेवक’ म्हणताच आपल्या मनात निरपेक्ष सेवेचे चित्र उभे राहते. तेथे मात्र समाजकार्यातील तज्ज्ञाला स्वतंत्रपणे मानसोपचार करण्यासाठी राज्याचा परवाना लागतो.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घ्या. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीनंतर किमान १०४ आठवडे व ३,००० तास देखरेखीखाली काम करावे लागते. शिवाय दोन परीक्षा असतात : एक उपचारज्ञानाची, दुसरी राज्याच्या कायद्याची व व्यावसायिक नीतीची.

हा परवाना त्या राज्यापुरताच असतो. उपचार घेणारी व्यक्ती ज्या राज्यात असेल, तेथील नियम सामान्यतः लागू होतात. व्हिडिओ कॉलवरील भेटही त्याला अपवाद नाही. मुलगी कॅलिफोर्नियातून टेक्सासला गेली, तर चालू उपचार मध्येच खंडित होऊ शकतात. म्हणून मुक्काम हलवण्यापूर्वीच तिने समुपदेशकाशी बोलून पुढील व्यवस्था करून घ्यावी. परवाना वैध आहे की नाही, हे राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते.

जिवावर बेतण्याची वेळ आली, तर मात्र क्षणभरही थांबू नये. अमेरिकेत ९८८ हा मदतीचा क्रमांक अहोरात्र चालू असतो.

मुलाने समुपदेशन सुरू केल्याचे सांगितले, तर लोक काय म्हणतील याची चिंता करू नका. समुपदेशकाचा परवाना कोणत्या राज्याचा, एवढे मात्र आपुलकीने विचारा.