संगणकाची अचूकता आणि पटावरचे बळ

बुद्धिबळाचा डाव संपताच मोबाइलवरील प्रोग्राम आकडा दाखवितो : अचूकता ९४ टक्के. काही ठिकाणी त्याखाली खेळाडूचे अंदाजी गुणांकनही झळकते. अलीकडे याच आकड्याच्या भरवशावर मुलांना महागड्या शिकवण्या लावल्या जातात, आणि आकडा उतरला की मूल मंद ठरते. तेव्हा हा आकडा नेमके काय मोजतो, हे पाहिलेले बरे.

अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांनी बसविलेली गुणांकनपद्धती फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. ही पद्धती चालींकडे पाहतच नाही. प्रतिस्पर्धी कोण आणि निकाल काय, एवढीच नोंद ती घेते. २०० गुणांनी वरचढ असलेल्या खेळाडूने १०० डावांत सुमारे ७६ गुण मिळवावेत, अशी तिची अपेक्षा. त्याहून कमी पडले की गुणांकन घसरते. पेढीवर वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सौदे किती चतुराईने केले यापेक्षा अखेरची शिल्लक काय, हेच तो आधी विचारतो.

प्रोग्राम मात्र प्रत्येक चाल आपल्या पसंतीच्या चालीशी ताडून पाहतो. २००६ मध्ये स्लोव्हेनियातील मातेय गुइद आणि इव्हान ब्राट्को या संशोधकांनी क्राफ्टी नावाच्या प्रोग्रामकडून श्टाइनिट्झपासून क्रामनिकपर्यंतच्या विश्वविजेत्यांचे डाव असेच तपासून घेतले. सर्वांत कमी चुका निघाल्या कापाब्लांकाच्या. आक्षेप लगेच आले. ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांच्याहून परीक्षकच दुबळा, हा एक. दुसरा अधिक मार्मिक होता : कापाब्लांकाचा कल साध्या, स्वच्छ स्थितींकडे; तेथे चुका करण्याला वावच थोडा. संशोधकांनी स्थितीच्या अवघडपणाचाही हिशेब मांडला होता, पुढे अधिक बलवान प्रोग्राम लावूनही पाहिले, आणि कापाब्लांका वरच राहिला. तरीही कमी चुका म्हणजे अधिक बळ, हे समीकरण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

कारण समोर मिखाइल ताल उभा राहतो. त्याची कित्येक मोहऱ्यांची बलिदाने आजचा संगणक क्षणात खोटी ठरवील. पण घड्याळ चालू असताना पटासमोर बसलेल्याला ते उत्तर सापडत नसे, आणि १९६० मध्ये बॉटविनिकसारख्या शिस्तीच्या विश्वविजेत्याला हरवून तालने मुकुट मिळविला.

मुलांच्या बाबतीत फसगत याहून सोपी आहे. पाठ केलेल्या २० चालींनंतर बरोबरी मान्य केली, तर अचूकता ९८ वर जाते. जिद्दीने लढलेल्या ७० चालींच्या डावात ती खाली येते. ‘१५००’ वर बेतून ठेवलेला प्रोग्रामही अनेकदा दहा चाली उस्तादासारख्या खेळतो आणि अकराव्या चालीला वजीर फुकट देतो. १५०० गुणांकनाचा माणूस असा हरत नाही.

चूक कोठे झाली हे दाखविण्यात मात्र या यंत्राला तोड नाही. स्टॉकफिश हा बलाढ्य प्रोग्राम तर विनामूल्य मिळतो. मुलाची ताकद जाणायची असेल, तर त्याला गुणांकन स्पर्धेत बसवावे. फिडेच्या नियमांनुसार, गुणांकन असलेल्यांशी किमान ५ डाव झाल्यावाचून पहिले गुणांकन मिळत नाही, आणि २०२४ पासून १४०० च्या खालचे गुणांकन तेथे छापलेच जात नाही.