गुणवत्तेची चर्चा आणि कोटभर फी

अमेरिकेत विमानाला अपघात झाला की हल्ली चौकशी सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरत असलेल्या प्रवासी विमानाची लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरशी टक्कर झाली, दोन्ही पोटोमॅक नदीत कोसळली आणि ६७ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी, नदीतून मृतदेह काढण्याचे काम चालू असतानाच, अध्यक्ष ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत हवाई वाहतूक खात्याच्या भरतीतल्या ‘विविधते’कडे बोट दाखवले. हे कशावरून म्हणता, असे विचारल्यावर आपल्याला कॉमन सेन्स आहे म्हणून, असे उत्तर मिळाले.

मार्चमध्ये तिथल्या चौकशी मंडळाचा प्राथमिक अहवाल आला. नदीवरून हेलिकॉप्टरसाठी आखलेली वाट आणि धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाची वाट यांत उभे अंतर काही ठिकाणी अवघे ७५ फूट उरत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या विमानतळाजवळ विमाने आणि हेलिकॉप्टरे एकमेकांच्या जवळ आल्याच्या १५,२१४ घटनांची माहिती आधीपासून नोंदलेली होती. तिच्यावरून वेळेत कोणी काही केले नाही. सरकारी दप्तर म्हणजे काय चीज असते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

पायलटांच्या बाबतीत विविधतेचा हा वाद पेटला तो २०२१ मध्ये. त्या वर्षी युनायटेड एअरलाइन्सने जाहीर केले, की २०३० पर्यंत आपल्या अकादमीतून पाच हजार पायलट तयार करू आणि त्यांतले निदान निम्मे महिला किंवा गोरेतर असतील. तेव्हापासून तिथल्या उजव्या मंडळींत कृष्णवर्णीय पायलट दिसला की ‘हा नक्की पात्र आहे ना?’ असे जाहीरपणे विचारायची फॅशन आली. आपल्याकडे तेच बाईच्या ड्रायव्हिंगवरच्या विनोदाला पंख लावून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते.

प्रवाशाने पायलटच्या लायकीची चौकशी करणे यात गैर काही नाही. पैसे मोजून तो आपला जीव दुसऱ्याच्या हाती देतो. पण त्या लायकीचा निकाल लागतो कुठे, हे ठाऊक असले तर निम्मा वाद मिटतो. तो लागतो सिम्युलेटरच्या अंधाऱ्या डब्यात, आणि दर सहा महिन्यांनी नव्याने लागतो.

डबा बाहेरून हायड्रॉलिक पायांवर उभा असलेला कंटेनर वाटतो. आत हुबेहूब कॉकपिट, समोर रात्रीची धावपट्टी. मागे बसलेला एक्झामिनर हातातल्या पडद्यावर वारा, पाऊस, बिघाड निवडतो. विमान धावू लागते. को-पायलट ‘व्ही-वन’ म्हणतो, म्हणजे आता थांबायचे नाही, उडायचेच. कॅप्टनचा हात थ्रस्ट लिव्हरवरून निघतो. नेमक्या त्या क्षणी एक्झामिनर उजवे इंजिन बंद पाडतो. विमानाचे नाक उजवीकडे ओढले जाते. डाव्या पायाने रुडर दाबायचा, किती ते पायालाच कळले पाहिजे. कमी पडला तर विमान धावपट्टी सोडते, जास्त झाला तर दुसऱ्या बाजूला भरकटते. घाईने नाक वर केले तर वेग जातो. ‘पॉझिटिव्ह रेट, गिअर अप.’ चारशे फुटांपर्यंत बाकी कशालाही हात लावायचा नाही, फक्त सरळ उडवायचे. मग चेकलिस्ट. मग एका इंजिनवर परत येऊन उतरायचे, आणि एक्झामिनरच्या मनात असेल तर तेही अर्धवट सोडून पुन्हा वर जायचे. नापास झालेला माणूस पुन्हा पास होईपर्यंत उडत नाही. रुडरच्या पॅडलला दाबणाऱ्याचे आडनाव कळत नाही.

युनायटेडची घोषणा अकादमीच्या वर्गात कोणाला बसवायचे याबद्दल होती. या डब्यातून कोणाला पास करून बाहेर सोडायचे याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. ही दोन दारे वेगळी आहेत. पहिल्या दाराशी हात देण्याच्या मी बाजूने आहे. दुसऱ्या दाराशी एका गुणाचीही सूट मला मान्य नाही, आणि ती मागणारा पायलट, कोणत्याही जातीधर्माचा, माझ्या ऐकण्यात नाही.

विविधतेच्या बाजूने बोलणारे एक प्रकरण मात्र हटकून टाळतात, म्हणून ते इथे सांगतो. ते पायलटांचे नाही, हवाई नियंत्रकांचे आहे. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याने २०१४ मध्ये नियंत्रकांच्या भरतीत बुद्धिमापन चाचणीच्या आधी एक ‘आत्मचरित्रात्मक’ प्रश्नावली घुसडली. शाळेत सर्वांत कमी गुण कोणत्या विषयात मिळाले, असले तिचे प्रश्न. आणि ‘विज्ञान’ असे उत्तर देणाऱ्याला भरघोस गुण! नियंत्रणाचा अभ्यासक्रम रीतसर पूर्ण केलेली, चाचणीत उत्तम गुण मिळवलेली कितीतरी मुले त्या प्रश्नावलीत बाद झाली. ती कोर्टात गेली, २०१६ मध्ये संसदेला त्यात लक्ष घालावे लागले. कामाशी काडीचा संबंध नसलेला निकष लावला की असे होते. मग हेतू कितीही उदात्त असो. ज्यांच्या भल्यासाठी हे केले, त्यांच्यातल्या हुशार मुलांवरही कायमचा संशयाचा शिक्का बसला, हे नुकसान तर कोणी धरतच नाही.

पण कामाशी संबंध नसलेले निकष ही काही विविधतावाल्यांची मक्तेदारी नव्हे. मार्लन ग्रीन हा अमेरिकी हवाई दलातला पायलट. १९५७ मध्ये त्याने काँटिनेंटल एअरलाइन्सकडे अर्ज केला तेव्हा वंशाचा रकाना कोरा ठेवला आणि फोटो जोडला नाही. अर्ज पाहून त्याला उड्डाण चाचणीला बोलावले. माणूस समोर आल्यावर मात्र नोकरी त्याच्याहून कमी अनुभवाच्या गोऱ्यांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये एकमताने त्याच्या बाजूने कौल दिला आणि १९६५ मध्ये तो कामावर रुजू झाला. अर्जाच्या तारखेपासून मोजा. आपल्याकडच्या महिला पायलट प्रेम माथुर यांची गोष्ट त्याच्याही आधीची. परवाना हातात असताना त्यांना एकामागून एक कंपन्यांनी नकार दिला. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतले. बाई विमान चालवणार म्हटल्यावर प्रवासी घाबरतील, ही तेव्हाची ‘गुणवत्ता’.

त्याहून गमतीचा खटला चष्म्याचा आहे. दोन जुळ्या बहिणी, दोघीही प्रादेशिक विमान कंपन्यांत पायलट. चष्मा लावला की नजर पूर्ण स्वच्छ, सरकारी वैद्यकीय प्रमाणपत्र खिशात. युनायटेडने त्यांना परत पाठवले, कारण कंपनीला चष्म्याविनाची नजर ठरावीक दर्जाची हवी होती. सटन विरुद्ध युनायटेड एअरलाइन्स या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ मध्ये बहिणी हरल्या. पुढे २००८ मध्ये संसदेने कायदाच बदलून त्या निकालातला युक्तिवाद मोडीत काढला. ज्या नजरेने त्या रोज प्रवासी घेऊन उडत होत्या, तीच नजर मोठ्या कंपनीच्या दारात अपात्र ठरली होती.

मग गुणवत्तेचा खरा निकष कोणता? तासांचा, असे पटकन उत्तर येते. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान घरावर कोसळले, ५० माणसे मेली. त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांनी चिकाटीने लढा दिला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून अमेरिकेत को-पायलटलाही साधारणपणे १५०० तास सक्तीचे झाले. आता गंमत अशी, की त्या विमानाच्या कॅप्टनचे ३,३७९ तास झाले होते आणि को-पायलटचे २,२४४. दोघेही नव्या नियमात आरामात बसले असते. चौकशीत निघाले ते वेगळेच: वेग घटून विमान पडू लागल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने दांडा पुढे ढकलायचा तो मागे ओढला. पूर्वी तो अनेक चाचण्यांत नापास झाला होता आणि त्यांतल्या काही त्याने कंपनीला सांगितल्याच नव्हत्या. को-पायलट तर रात्रभर सिएटलहून विमाने बदलत ड्युटीवर आली होती. थकवा, लपवलेले निकाल, अपुरा सराव. यातले काहीही तासांच्या वहीत दिसत नाही. युरोपात को-पायलटसाठी १५०० तासांची अट आजही नाही, आणि तिथले आकाश काही असुरक्षित नाही.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमानुसार कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास लागतात. ते झाले, टाइप रेटिंग म्हणजे त्या जातीच्या विमानाचे प्रशिक्षण झाले, की विशी-बाविशीतली पोरे एअरबसच्या उजव्या सीटवर बसतात. मंगळुरूच्या विमान अपघातात २०१० मध्ये १५८ जणांचा बळी गेला तेव्हा मात्र डाव्या सीटवर दहा हजारांहून जास्त तासांचा कॅप्टन होता. बराच वेळ झोपून उठल्यावर त्याने चुकलेला अप्रोच दामटला. ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे पुन्हापुन्हा म्हणणारा को-पायलट अनुभवाने कमी होता आणि बरोबर होता.

भारतातल्या पायलटांत महिलांचे प्रमाण साधारण १५ टक्के आहे. जगाची सरासरी पाचच्या आसपास. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी फॉकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेले तेव्हा कॉकपिटमध्ये दोघी महिला असणे ही बातमी होती. आज ती प्रेसनोटही होत नाही, आठ मार्च सोडला तर. यासाठी कोणी कोटा ठेवला नाही, चेक राइड सोपी केली नाही.

लायसन्सचा खराखुरा घोटाळाही आपल्याकडे झालेला आहे. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक विमान आधी पुढच्या चाकावर टेकले. तसे कोणी शिकवत नाही, म्हणून चौकशी झाली आणि कॅप्टनच्या वरच्या दर्जाच्या लायसन्सची गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग डीजीसीएने हजारो लायसन्सची झडती घेतली. आणखी पुरुष-बायका सापडल्या, एजंट सापडले, अटका झाल्या. आरक्षणातून आलेला नालायक पायलट शोधणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावे. तिथे शिडी पैशाची होती.

आणि इथेच आपला मुद्दा अमेरिकेपेक्षा वेगळा होतो. आपल्या कॉकपिटच्या पहिल्या दाराशी उभा असलेला सर्वांत कडक परीक्षक म्हणजे फी. फ्लाइंग स्कूलचे निदान पन्नास लाख, टाइप रेटिंगचे वेगळे. कंपन्यांच्या कॅडेट योजनांत आकडा कोटीच्या घरात जातो. दीड कोटीची जमीन असलेला शेतकरीही त्यातली निम्मी विकायला धजणार नाही. शिवाय लायसन्स हाती आल्यावर नोकरीची हमी नाही, कर्जाचा हप्ता मात्र सुरू. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीत पायलट प्रशिक्षणाचा समावेश होता, पण खासगी फ्लाइंग क्लबसाठी कमाल मर्यादा अनेक वर्षे वर्षाला ३ लाख ७२ हजार होती. एवढ्यात ‌विमान धावपट्टीपर्यंत टॅक्सी करत जाईल, उडणार नाही. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा पायलट भरतीच्या जाहिरातीत राखीव जागा असत. त्या जागांवर अर्ज करणाऱ्यालाही लायसन्स तेच लागे, म्हणजे आधी फीचे दार ओलांडावे लागे. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि तो विषय संपला.

फीच्या जोडीला किरकोळ अडसर आहेतच. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवेच, ही अट नव्वदच्या दशकातली; त्याआधी दहावी पास मंडळी पायलट होत आणि निवृत्तही झाली. आज कॉमर्सची मुले मुक्त विद्यालयातून तेवढे दोन विषय देऊन अट पूर्ण करतात. ती काढावी असा विचार २०२५ मध्ये पुढे आला. नियंत्रकांच्या त्या प्रश्नावलीइतकी ही अट विनोदी नाही, पण वाऱ्याचा कोन काढता येतो का हे नेव्हिगेशनच्या पेपरात तपासतातच. केरळच्या एका पारलिंगी तरुणाला हार्मोनचे उपचार चालू असल्याने वैद्यकीय चाचणीत अपात्र ठरवले गेले; ऑगस्ट २०२२ मध्ये डीजीसीएने नवी नियमावली काढून केवळ तेवढ्यावरून कोणाला बाद करू नये असे ठरवले. प्रत्येकाची तपासणी व्हावी आणि ती कडक असावी, यावर कोणाचेच दुमत नव्हते.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी उभी राहते आहे. राज्य सरकारच्या विमानतळ विकास कंपनीने दहा एकर जागा तीस वर्षांसाठी दिली आहे. ३४ विमाने, वर्षाला १८० पायलट अशी योजना जाहीर झाली आहे. जागा जनतेची आहे. तेव्हा त्या १८० पैकी किती जागांची फी शिष्यवृत्तीतून भरली जाणार, हमीदाराशिवाय कर्ज कोणती बँक देणार आणि मेळघाट-यवतमाळची किती मुले निदान निवड चाचणीपर्यंत पोहोचणार, हा तारांकित प्रश्न विदर्भातल्या एखाद्या आमदाराने नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात टाकावा. उत्तर सभागृहाच्या पटलावर लेखी ठेवायला लावावे.