आई आल्याचे कळवले का?

लंडनच्या एका उपनगरातल्या सल्ला केंद्रात मी तीन वर्षे काम केले, २०१६ ते २०१९. समोर येणाऱ्या बायकांत पंजाबी, सिल्हेटी, सोमाली जास्त, मराठी क्वचितच. म्हणून एके दिवशी दारातूनच "ताई, तुम्ही मराठी ना?" असे ऐकल्यावर मी खुर्चीतून उठलेच. तिच्या हातात सरकारी पत्र होते. तुम्हाला सुमारे साडेनऊशे पौंड जादा दिले गेले आहेत, ते वसूल केले जातील.

जादा कसे? ती दुकानात अर्धवेळ काम करायची, नवरा गोदामात. दोन वर्षांची मुलगी चाइल्डमाइंडरकडे असे, आठवड्याला ऐंशी पौंड. त्यातले सत्तर टक्के टॅक्स क्रेडिटमधून मिळत. मग हिची आई गावाहून आली, नातीला सांभाळायला. चाइल्डमाइंडर बंद झाली. आई सतरा आठवडे राहिली आणि सतरा आठवडे जुनाच हप्ता येत राहिला. "आई आली हे सरकारला कळवायचं असतं का हो?" ती विचारत होती. आई आल्याचे नाही, सांभाळण्याचा खर्च थांबल्याचे. पण तिच्या दृष्टीने ती एकच गोष्ट होती.

टॅक्स क्रेडिट हे नाव फसवे आहे. करातली सूट म्हणावी तर तसे नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला बँकेत मिळणारी ती रोख मदत होती. ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ मध्ये चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट सुरू झाले. मदत वर्षाच्या हिशोबाने ठरे, हप्ते मात्र आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावरून चालू होत. वर्ष संपले की खरा हिशोब, आणि फरक निघाला की वसुली. पहिल्याच वर्षी सुमारे १९ लाख कुटुंबांना जादा रक्कम गेली असे निघाले. गरिबाच्या घरी आलेला पैसा मार्चमध्ये परत मागण्यासाठी शिल्लक राहत नसतो, हे योजना आखणाऱ्यांना सुचले नाही.

आता कळवायच्या बदलांकडे पाहा. नवरा सोडून गेला, नवा जोडीदार राहायला आला, कामाचे तास ठरलेल्या मर्यादेखाली गेले, मुलाने सोळा वर्षांनंतर शाळा सोडली, पाळणाघराचा खर्च आठवड्याला दहा पौंड किंवा अधिक उतरला, आठ आठवड्यांहून जास्त काळ परदेशी गेलात. हे सगळे एका महिन्यात कळवायचे. न कळवल्यास तीनशे पौंडांपर्यंत दंड. ही यादी बाईच्या आयुष्याची आहे. आजारी आईजवळ राहायला ती भारतात जाते, तेव्हा तिकिटाबरोबर आठवडेही मोजायचे. नवरा रागावून गेला आहे की कायमचा गेला आहे, हे तिलाच ठाऊक नसते. खात्याला मात्र तारीख हवी असते.

मुलांचा पैसा आईच्या हाती द्यावा ही मागणी ब्रिटिश स्त्रियांनी लढून मिळवली होती. १९४५ च्या कुटुंब भत्ता विधेयकात पैसे बापाला द्यायचे ठरले होते. एलिनॉर रॅथबोन यांनी संसदेत झुंज देऊन ते आईच्या नावे करून घेतले. चाइल्ड टॅक्स क्रेडिटही मुलांना मुख्यतः सांभाळणाऱ्या व्यक्तीला मिळे, म्हणजे बहुधा आईला. पण अर्ज जोडप्याचा, आणि वसुलीची जबाबदारी दोघांवर. नवऱ्याने ओव्हरटाइम केला, पगार वाढला, हे बायकोला कळलेच पाहिजे असे कोणता कायदा म्हणतो? माझ्यापुढे बसलेल्या कितीतरी जणींनी नवऱ्याची पगारपट्टी कधी पाहिली नव्हती. तरी वेगळे झाल्यावर जुन्या थकबाकीचा अर्धा वाटा मागणारे पत्र तिच्या नव्या पत्त्यावर येई. घर सोडताना तिने भांडी आणली नसतील, कर्ज मात्र आले.

आणि जिने काही लपवले नाही तिचे काय? तपासणीचे काम सरकारने एका खासगी कंपनीला दिले होते. २०१६ मध्ये ते प्रकरण गाजले. एकट्या आयांना पत्रे गेली: तुमच्याबरोबर कुणी पुरुष राहतो, नाही हे सिद्ध करा. हप्ते थांबले. एका बाईचा जोडीदार म्हणून ज्याचे नाव पुढे आले तो होता जोसेफ राउंट्री, यॉर्कचा चॉकलेटवाला, १९२५ साली वारलेला! त्याच्या नावाच्या गृहनिर्माण संस्थेच्या घरात ती राहत होती, एवढाच संबंध. हसू येते, पण तिचे पैसे खरोखर थांबले होते. पुढे कंपनीचा करार संपवला गेला. नेदरलँड्समध्ये याहून भयंकर झाले. पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो पालकांना खोटेच लबाड ठरवले गेले आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला.

बदल कळवूच नयेत असे मी म्हणत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशोब हवाच. माझे म्हणणे एवढेच की चूक झाल्यावर लबाडी गृहीत धरू नका, आणि जी माहिती तिच्या हाती नाही तिचा दंड तिला लावू नका. ५ एप्रिल २०२५ ला टॅक्स क्रेडिट संपले, त्याची जागा युनिव्हर्सल क्रेडिटने घेतली. जुनी कर्जे मात्र लोकांबरोबर तिकडे गेली. नव्या योजनेत चूक खात्याची असली तरी जादा गेलेली रक्कम वसूल करता येते, जोडप्याचा पैसा साधारणपणे एकाच खात्यात जातो आणि परदेशी राहण्याची सवलत महिन्याभराची आहे. आजारी आईला महिन्यात बरे व्हायला सांगावे लागेल.

हे दूरदेशीचे कशाला, असे कुणी म्हणेल. १८ सप्टेंबर २०२५ ला महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पुढे मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली; वडीलही हयात नसलेल्या विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला, कोर्टाचा आदेश अशी कागदांची वाट काढली गेली. पण टाकलेल्या बाईचे काय? ती ना विधवा, ना घटस्फोटित. तिच्याकडे कोर्टाचा कागद नाही, नवरा कुठे आहे माहीत नाही, असला तरी आधारचा ओटीपी द्यायला तो दिलदार कुठला? १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेर, विटा इथल्या परिषदांत परित्यक्तांनी स्वतःच्या नावाचे रेशनकार्ड मागितले, ते याच कारणाने.

आमच्या केंद्रात आता एक वही ठेवली आहे. बाई कधी गेली, कोणत्या कार्यालयात, कोणी काय सांगितले, पोच दिली का, हे त्याच दिवशी लिहून काढतो. लंडनमध्येही हीच सवय कामी आली होती: फोनची तारीख, वेळ आणि पलीकडच्या माणसाचे नाव लिहिलेले असले की दाद मागायला काहीतरी हाती असे. त्या मराठी बाईकडे असे काहीच नव्हते. तिच्या हप्त्यातून कपात सुरू झाली, आणि आईला पुढच्या वर्षी बोलवावे की नाही हा हिशोब ती माझ्यासमोर बसून करत होती.

तुमच्या गटाकडे अशा नोंदी असतील, विशेषतः परित्यक्तांच्या, तर नावे काढून आमच्याकडे पाठवा. तालुकावार एकत्र करून त्या महिला व बालविकास विभागापुढे ठेवायच्या आहेत.