बॉइलचे आकडे तंतोतंत जुळत नव्हते

१/ वायूंचे नियम आपल्याकडे असे शिकवले जातात, जणू रॉबर्ट बॉइलला एके सकाळी साक्षात्कार झाला आणि दाब गुणिले आकारमान स्थिर असते, असे सांगून तो मोकळा झाला. मग विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतही गुणाकार जुळलाच पाहिजे; न जुळल्यास जुळवला पाहिजे! ही इतिहासाशी प्रतारणा आहे.

२/ हा नियम भांडणातून जन्मला. १६६० मध्ये बॉइलने हवेच्या स्थितिस्थापकतेवर ग्रंथ लिहिला. फ्रान्सिस लायनस या जेझुइट विद्वानाने त्यावर आक्षेप घेतला : नळीतला पारा हवेच्या दाबाने टिकत नाही, एक अदृश्य तंतू त्याला वर धरून ठेवतो. बॉइलने १६६२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याला उत्तर दिले. नियम त्या उत्तरात आहे.

३/ आखूड टोक बंद, लांब टोक उघडे, अशी वाकवलेली काचेची नळी. पहिली फुटली. दुसरी इतकी लांब की जिन्यात उभी करावी लागली. वरून पारा ओतायचा आणि कोंडलेली हवा किती आक्रसते ते मोजायचे. हवा ४८ भागांवरून २४ वर आली, तेव्हा गृहीतकानुसार दाब पाऱ्याच्या ५८.२५ इंचांइतका हवा होता. प्रत्यक्षात भरला सुमारे ५८.८१. हवा १२ भागांवर आली तेव्हा तफावत इंचाहून थोडी अधिक. बॉइलने दोन्ही रकाने शेजारी शेजारी छापले. काहीही लपवले नाही.

४/ गृहीतकाचे श्रेयही त्याने रिचर्ड टाउनलीला दिले. टाउनली आणि हेन्री पॉवर यांनी १६६१ मध्येच लँकेशायरच्या पेंडल टेकडीवर हवेची मापे घेतली होती. ही नावे आपल्या किती पुस्तकांत आढळतात?

५/ चार्ल्सची कथा तर अधिकच बोलकी. त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्धच केले नव्हते. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःचे प्रयोग मांडताना, चार्ल्सने हे सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पाहिले होते, असे आपणहून नमूद केले. त्याच्या मोजणीत ० ते १०० अंशांत हवेचे १०० भाग १३७.५ झाले. पुढे हा आकडा १३६.६ च्या आसपास आला.

६/ ‘एवढ्याने मुले गोंधळतील’, हा आक्षेप ठरलेला. उत्तर पाहून नोंदी लिहिणारी मुले आज कोणती स्पष्टता मिळवतात? प्रयोगवहीत बॉइलचा ‘गृहीतकानुसार’ हा रकाना छापा, आणि तफावत लिहिणाऱ्याचे गुण कापणे थांबवा.